बिशप ऑगी आणि गल्लीभरचे घसे

ऑक्टोबर लागला की थेक्ला याब्लोन्स्कीला चैन पडत नसे. बाकीच्या गावाला दारोदारचे भोपळे दिसत, खिडक्यांतली खोटी कोळिष्टकं दिसत, दुकानातल्या खाऊच्या थैल्या दिसत. थेक्लाला दिसायचे उघडे गळे. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की ती खिडकीत उभी राही आणि रस्त्याने जाणाऱ्या परक्या पोरांच्या जॅकेटच्या चेनी मनातल्या मनात वर ओढत बसे.

देवावर तिचा भरवसा नव्हता असं मुळीच नाही. पहाटेची रोझरीची जपमाळ, शुक्रवारी मांस वर्ज्य, सकल संतांच्या सणाआधी नऊ दिवसांच्या प्रार्थनांचा नोव्हेना, हे सगळं ती कुणाला न सांगता, न मिरवता पाळत आली होती. पण देवामागे कामं थोडी का असतात? तेव्हा मफलरीसारख्या बारीकसारीक गोष्टी तरी माणसांनी बघून घ्याव्यात, एवढंच तिचं म्हणणं.

शिवाय गेल्या वर्षीचा प्रकार ती विसरलेली नव्हती. नातू ऑगी, तेव्हा चार वर्षांचा, हॅलोविनच्या दिवशी दुपारीच मलूल झाला आणि दिवेलागणीला सर्कशीतल्या सीलसारखा भुंकू लागला. घशाला आतून सूज. डॉक्टरांनी औषध देऊन घरी पाठवलं, पण बाहेर पडायची मनाई केली. गल्लीतली पोरं सोंगं घेऊन दाराशी येत होती, खाऊ घेऊन जात होती, आणि ऑगी सोफ्यावर गुडघे टेकून काचेला नाक लावून बघत होता. रडला मात्र नाही. रडला असता तर थेक्लाला वर्षभर जरा बरी झोप लागली असती.

यंदा तिची लेक रेजिना, ऑगीची आई, हॅलोविनच्या संध्याकाळीच इस्पितळात ड्यूटीवर असणार होती. नर्स बाई, बोलणं मोजकं. "आई, यंदा त्याला दारोदार फिरू दे," ती म्हणाली. "आणि आजारी पडू देऊ नकोस."

ही दोन वाक्यं तिने एका दमात म्हटली, जणू एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

"जमेल की," रोमन, थेक्लाचा नवरा, वर्तमानपत्रामागून म्हणाला. तो पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान सुखरूप पोचवल्यामुळे जगात सगळंच आपोआप पोचतं असा त्याचा समज होता.

ऑगीला व्हायचं होतं कचऱ्याची गाडी. त्याने खोकंसुद्धा शोधून ठेवलं होतं. थेक्लाने ते खोकं बघितलं आणि तिच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: खोक्यातून स्वतःची पावलं न दिसणारं पोर, बर्फाळ पायरी, पुढचं सगळं. तिने शेजारच्या डॉरिस हॉगनला विचारलं. डॉरिस कॅथलिक नव्हे, लूथरन पंथाची, असं असूनही भली बाई. तिचे दिवंगत यजमान रस्तेखात्यात होते, त्यामुळे अपघात या विषयात तिचा शब्द गल्लीत शेवटचा मानला जाई. ती स्वतः पंधरवडाभर खोकत होती, पण सल्ला द्यायला ते आड आलं नाही.

"खोकं नको," डॉरिस म्हणाली. "मुखवटा नको, बाजूचं दिसत नाही. लोळणारा झगा नको. गळ्यात दोरी नको. हातात काठी नको. जळती मेणबत्ती तर मुळीच नको. अंधारात फिरणं नको."

"मग हवं काय?" रोमनने विचारलं.

"चकाकती पट्टी," डॉरिस म्हणाली, आणि खोकत खोकत घरी जाऊन यजमानांच्या वेळची भगव्या रंगाची अख्खी गुंडाळी घेऊन आली.

उपाय सुचला तो नोव्हेनाच्या पहिल्या सकाळी. भुतंखेतं, चेटकिणी, कचऱ्याच्या गाड्या हवेतच कशाला? सण मुळात सकल संतांच्या सणाच्या आदल्या दिवसाचा. पोराला संत करावं. संताचं सोंग घेतलेल्या मुलावर वरून जरा जास्त लक्ष राहील, असाही एक सूक्ष्म हिशेब त्यात होता. तो तिने रोमनला सांगितला नाही.

"संत?" रोमनने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कुठला? लॉरेन्सच्या हातात भाजायची जाळी असते. कॅथरीनकडे खिळ्यांचं चाक. सेबॅस्टियनच्या अंगात बाणच बाण. तुझे संत म्हणजे अपघात विभाग आहे, थेक्ला."

बोलणं खरं होतं. थेक्ला संतांची यादी बोटांवर पुढे मोजत गेली. मग तिचा चेहरा उजळला. "ब्लेझ," ती म्हणाली.

संत ब्लेझ म्हणजे घशांचा संत, हयातीत बिशप. दर फेब्रुवारीत त्यांच्या सेंट हेडविग चर्चमध्ये फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून एकेकाच्या गळ्याला लावत आणि घसा राखायचा आशीर्वाद देत. थेक्ला त्या रांगेत नेहमी पहिली. ऑगीचा नाजूक भाग घसाच. म्हणजे ज्याचं दुखणं त्याचाच वैद्य अंगावर चढवायचा. इतकं चपखल तिला आयुष्यात काही सुचलं नव्हतं.

"त्यालाही लोखंडी कंगव्यांनी ओरबाडलं होतं," रोमन म्हणाला.

"ते मुलाला सांगायची गरज नाही."

मुलाला तिने वेगळी गोष्ट सांगितली. एका मुलाच्या घशात माशाचं हाड अडकलं, ब्लेझने प्रार्थना केली, हाड निघालं. ऑगीने ती लक्ष देऊन ऐकली. तिकडच्या पोलिश घरांत आजीला बुशा म्हणतात.

"बुशा, मग ते हाड कुठे टाकलं?"

"कुठे म्हणजे? कचऱ्यात."

"मग ते न्यायला गाडी आली?"

थेक्लाच्या जिभेला खोटं बोलायची सवय नव्हती. "कुणीतरी नेलंच असेल," ती म्हणाली. तेवढ्यावर ऑगी बिशप व्हायला राजी झाला.

मग शिवणकाम सुरू झालं. त्या गावात पोशाख कुठलाही असो, तो बर्फातल्या जाड स्नोसूटवर चढला पाहिजे, हे आया जन्मजात जाणतात. तिथल्या पऱ्या दंडात जाड असतात आणि सांगाडे चांगले बाळसेदार. जेवणघरातल्या जांभळ्या पडद्याचा झगा झाला. तो घोट्याच्या वर कापला, मग डॉरिसच्या सांगण्यावरून गुडघ्याच्या वर कापला. टोकदार टोपी पुठ्ठ्याची केली, ती डोळ्यांवर येऊ नये म्हणून आतून लोकरी टोपीला शिवली. बिशपला दाढी हवी. कापसाची लावली तर डॉरिस म्हणाली, कापूस पेट घेतो आणि तंतू श्वासात जातात. मग रंगवायची ठरली. रंग अंगाला चालतो की नाही ते आधी थोडा लावून बघावं असं दवाखान्याच्या पत्रकात लिहिलं होतं. पोराच्या कातडीवर कसली परीक्षा घ्यायची, म्हणून थेक्लाने तो रक्ताच्या नात्यातल्या माणसाला, म्हणजे झोपाळलेल्या रोमनला लावला. दुसऱ्या दिवशी रोमनला हनुवटीभर पुरळाची लालबुंद दाढी आली. ती धुऊन जाईना.

"आता मलाच पाठव," तो म्हणाला.

बिशप बिनदाढीचा राहिला.

त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात फ्लूची लस झाली. ऑगीने दंड पुढे केला, टोचून घेतलं, चिकटपट्टीवरचा डायनासोर निवडला. बत्तीस गल्ल्यांतल्या कुत्र्यांना तोंड दिलेल्या रोमनने सुई बघितली आणि तो खुर्चीसकट आडवा झाला. दुकानातल्या मुलीने त्याच्याही दंडावर डायनासोर लावला.

राहिली बिशपची काठी. त्याशिवाय सोंग ओळखू येणार कसं? शाळेत मुलांची सोंगांची फेरी होती, म्हणून थेक्लाने आधी शाळेच्या ऑफिसात फोन केला. त्या ऑफिसात तिने स्वतः बावीस वर्षं हजेरी सांभाळली होती, तेव्हा नकार येईल असं तिच्या मनातही नव्हतं.

"काठी चालणार नाही," नवी क्लार्क अदबीने म्हणाली.

"अहो, ती काठी नाही, धर्मदंड आहे."

"नियमात तसा फरक केलेला नाही, मिसेस याब्लोन्स्की. लांब, कडक, हातात धरायची कुठलीही वस्तू, असं लिहिलंय."

"हा नियम कुठल्या शहाण्याने केला?"

पलीकडे कागद सळसळला. "खाली सही तुमचीच आहे."

थेक्लाने फोन ठेवला. संध्याकाळी रोमनने पोहण्याच्या तलावात तरंगायला वापरतात ती फोमची हिरवी नळी आणली, वरचं टोक वाकवून बांधलं आणि मुकाट्याने कोपऱ्यात उभी केली. मेणबत्त्या सेलवर चालणाऱ्या घेतल्या, फुलीसारख्या जोडल्या, लाल फितीने बांधल्या. गळ्यात दोरी नको म्हणून झग्याच्या छातीवर वेल्क्रोच्या पट्टीने चिकटवल्या. हव्या तेव्हा काढता येतील, हव्या तेव्हा लावता येतील. या सोयीचा तिला पुढे फार पश्चात्ताप होणार होता.

हॅलोविनच्या दिवशी सरोवरावरून ओलसर बर्फ भुरभुरू लागला. थेक्लाचा सणाआधीचा उपास होता. कोरडा पाव आणि पाणी. ऑगीला मात्र तिने कोंबडीचं गरम सूप वाडगाभर पाजलं. मग आतले कपडे, लोकरीचे कपडे, मोजे, दुसरे मोजे, स्नोसूट, बूट, झगा, टोपी, पाठीवर आणि बाह्यांवर डॉरिसच्या भगव्या पट्ट्या. सगळं चढल्यावर ऑगी म्हणाला, "बुशा, शूला लागली."

सगळं पुन्हा चढलं तोवर गल्लीतले दारांवरचे दिवे लागले होते. दिवा लागलेल्या घरीच जायचं, विझलेल्या घराला त्रास द्यायचा नाही, हा तिथला शिरस्ता. पुढे बिशप, मागे थेक्ला, तिच्या मागे लाल हनुवटीचा रोमन. त्याच्या ढकलगाडीत थर्मास, सॅनिटायझर, कोरडे हातमोजे, कागदी रुमालांचे खोके. एवढा सरंजाम खऱ्या बिशपच्या मागेही नसतो.

"हळू. पायरी बघ. हात तोंडाला लावू नको. टोपी सरळ कर. गाडी बघ. उभी असली तरी बघ," थेक्ला वाऱ्याच्या विरुद्ध ओरडत होती. तशी ती मृदू बोलणारी, पण वारा मृदू नव्हता.

पहिलं घर आर्मंड पेल्कींचं. म्हातारे एकटे राहत. दार उघडून त्यांनी ऑगीला खालीवर न्याहाळलं. "हे काय, रस्तादुरुस्ती?"

"मी संत ब्लेझ आहे," ऑगी म्हणाला.

"बरं बरं," पेल्की म्हणाले आणि खाऊचं भांडं पुढे करता करता खोकले. साधं नव्हे, छातीच्या तळघरातून वर आलेलं खोकणं.

ऑगीने खाऊकडे बघितलंही नाही. त्याने छातीवरच्या मेणबत्त्या खर्रकन उपटल्या, दिवे पेटवले आणि म्हणाला, "वाका."

"काय?"

"खाली वाका. घसा तिकडे वर आहे."

म्हातारा वाकला. ऑगीने फुली त्याच्या सुरकुतलेल्या गळ्याला लावली आणि फादरसारखा जाड आवाज काढून म्हणाला, "तुमचा घसा बरा होवो, आमेन." पेल्कींनी आमेन म्हटलं, आणि वाकल्यावाकल्या थेट बिशपच्या तोंडावर दुसऱ्यांदा खोकले.

थेक्लाने रोमनच्या गाडीतली सॅनिटायझरची बाटली ओढली. आणि त्याच क्षणी आपण काय करून बसलो ते तिला कळलं. आठवडाभर खपून तिने या पोराला जंतूंपासून दूर ठेवणारं सोंग शिवलं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक आजारी माणसाने जवळ येऊन तोंड खाली करावं, असं सोंग शिवलं होतं.

"ऑगी, बाळा," ती सॅनिटायझर चोळत म्हणाली, "आता नुसता खाऊ घ्यायचा."

"पण ब्लेझ आधी घसा बघतो. तूच सांगितलंस."

आशीर्वाद देणाऱ्याला थांबवावं, असं तिच्या साठ वर्षांच्या धर्मात कुठेही बसत नव्हतं. न थांबवावं, तर लेकीला तोंड कसं दाखवावं? पुढची दोन घरं त्याच्या पाठोपाठ जाताना ती मनात हीच एक प्रार्थना म्हणत राहिली, की पुढच्या दाराशी निदान धडधाकट माणूस निघावा.

ऑक्टोबरच्या शेवटी त्या गल्लीत धडधाकट माणूस नव्हता. कोपऱ्यावरच्या घरात नाक लाल झालेली आई होती. तिने आत हाक मारली, तशी तिची तीन पोरं नाकं ओढत रांगेत आली. पलीकडचा तरुण शिक्षक आवाज बसल्यामुळे नुसता गळ्याकडे बोट दाखवून वाकला. बातमी दारादारांतून पुढे पळाली. लोक स्वतःच पायऱ्या उतरून येऊ लागले. "इकडे एक घसेवाला पोरगा आलाय म्हणे?" एकाने विचारलं. "माझ्या बायकोचं पण बघतो का?" हसत यायचे, पण वाकायचे तेव्हा डोळे मिटायचे, हे थेक्लाच्या नजरेतून सुटलं नाही. ती ऑगीच्या मागे उभी राहून दर गळ्यानंतर मेणबत्त्या पुसत होती, हात पुसत होती, पोराचं नाक पुसत होती. "तोंड जरा तिकडे करून वाकता का? बाजूला खोका हं. बाजूला," असं ओरडून ओरडून तिचा जीव मेटाकुटीला आला.

"खोके संपले," ढकलगाडीपाशी रोमन म्हणाला.

"खाऊचे?"

"रुमालांचे."

शेवटी डॉरिसचं घर आलं. डॉरिस दारात शाल लपेटून उभी होती, आणि चकाकत्या पट्ट्या जागच्या जागी आहेत की नाहीत ते तिने आधी तपासलं. "आमच्यात हे असलं काही मानत नाहीत," ती ऑगीला म्हणाली.

"घसा दुखतो का?" ऑगीने विचारलं.

"दुखतो."

"मग वाका."

डॉरिसने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. कुणी लूथरन येताना दिसला नाही. ती गुडघा धरून हळूच वाकली. आशीर्वाद झाल्यावरही बराच वेळ सरळ झाली नाही. "यजमान गेल्यापासून," ती थेक्लाकडे न बघता म्हणाली, "कुणी घसा कसाय म्हणून विचारलं नव्हतं." मग तिने रुमालात तोंड धरून, बाजूला, नियमाप्रमाणे, खोकून घेतलं.

घरी येऊन थेक्लाने ऑगीला चोळून चोळून न्हाऊ घातलं, त्याच्या गुळण्या करवल्या, छातीला मलम लावलं. खाऊची थैली उलटली तेव्हा त्यात खाऊ बेताचाच निघाला. घसे बघण्याच्या नादात बिशप अर्ध्या घरी खाऊ घ्यायचंच विसरला होता. कागद फाटलेला, सुटा, संशयास्पद असा एकेक तुकडा निवडून तिने बाजूला केला. तो रोमनने खाल्ला. ऑगी झोपला. त्यानंतर ती त्याच्या श्वासाकडे कान लावून कशी बसली, ते सांगण्यासारखं नाही. ज्यांनी असं ऐकलंय त्यांना ते ठाऊक आहे.

सकाळी ऑगीचं नाक वाहत होतं.

रेजिना ड्यूटी संपवून, झोप काढून आली तेव्हा थेक्ला स्वयंपाकघरात गुन्हेगारासारखी उभी होती. रेजिनाने पोराच्या घशात टॉर्च मारला, पाठीला कान लावला, त्याला खोकायला सांगितलं. तो खोकला. साधं खोकणं, पाच वर्षांच्या मुलाचं. भुंकणं नाही.

"काल तू किती लोकांच्या जवळ गेलास?" तिने विचारलं.

"सगळ्यांच्या," ऑगी म्हणाला.

रेजिनाने आईकडे बघितलं. थेक्लाने रात्रभर रचलेलं सगळं सांगायला तोंड उघडलं: पेल्की, मेणबत्त्या, धर्मसंकट, रुमालांचे खोके. आतून काहीच आलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. बिजागरी कुरकुरावी तसा एक बारीक आवाज झाला आणि तोही विरला. उपाशी पोटी तासन्‌तास वाऱ्यात दिलेल्या सूचनांनी तिचा गळा पुरता बसवून टाकला होता.

"आई, साधी सर्दी आहे," रेजिना म्हणाली, आणि तिचा आवाज जरा मऊ झाला. "पोरांना होते. तुझं काय चाललंय ते मात्र बघायला हवं. आ कर."

थेक्लाने आ केला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

ऑगी सोफ्यावरून उडी मारून धावला. अनवाणी. लादी बर्फासारखी गार, नाक वाहतंय, पायजम्याची गुंडी उघडी. थेक्लाने हात उंचावला. मोजे, तिला म्हणायचं होतं. तिने रोमनकडे बघून पायाकडे बोट दाखवलं, गळ्याकडे दाखवलं, दाराकडे दाखवलं. रोमनला सगळं कळलं. चाळीस वर्षांचा संसार होता. तो वर्तमानपत्राचं पान उलटून वाचत राहिला.

ऑगीने दार उघडलं. दारात डॉरिस हॉगन सूपाचं पातेलं घेऊन उभी होती. तिच्यामागे लसणाची बरणी काखोटीला मारलेले पेल्की. त्यांच्यामागे कोपऱ्यावरची आई, तिची तीन पोरं आणि सगळ्यांच्या मागे, गळ्याकडे बोट दाखवत, तो शिक्षक.

"बिशप आजारी पडलेत असं कळलं," डॉरिस म्हणाली.

"मी थोडाच आजारी आहे," ऑगी म्हणाला. "बुशाचा आवाज गेलाय. आज कुणालाच कसली मनाई नाही. आत या."

गार वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. थेक्लाने दोन्ही हातांनी दार लावायची खूण केली, जोरजोरात, पुन्हा पुन्हा. सगळे आत आल्यावर लावायचं.